पिशवीतल्या तीन गाठी

माझ्या गर्भाशयात गाठी आहेत हे मला पहिल्यांदा कळले ते २०१८ च्या जूनमध्ये, आणि तेही वेगळ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. लग्नाला दोन वर्षे झाली होती, मी तीस वर्षांची होते, दिवस राहून आठवा आठवडा संपत आला होता आणि पहाटेपासून थोडा थोडा रक्तस्राव सुरू झाला होता. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी बराच वेळ काही न बोलता यंत्र फिरवले आणि शेवटी ठोके दिसत नसल्याचे सांगितले. अहवालाच्या तळाशी आणखी एक ओळ होती : गर्भाशयात एकापेक्षा अधिक फायब्रॉईड, सर्वांत मोठी गाठ ६.४ सेंटिमीटर. त्या दिवशी मी ती ओळ वाचली नाही. पुढची तीन वर्षे मात्र आमच्या घरात त्या एका आकड्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या रुग्णालयात माझे क्युरेटिंग झाले, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ केली, तेथील डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले, "गाठ मोठी आहे, तिच्यामुळेच पडले. आता लवकर मूल होऊ द्या, मग पिशवी काढून टाकू." मी तासगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, कारण आणि परिणाम यांची साखळी मुलांकडून रोज पाठ करून घेते. तरीही गाठीमुळे मूल राहत नसेल तर गाठ तशीच ठेवून मूल कसे होणार, हा साधा प्रश्न त्या वेळी मला विचारता आला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आईनेही विचारला नाही, कारण तिची स्वतःची पिशवी बेचाळिसाव्या वर्षी गाठींमुळेच काढलेली होती आणि थोरल्या मावशीचीही. आमच्या घराण्यात हे असेच असते, अशी तिची समजूत होती. घराण्याबद्दलची तिची समजूत पुष्कळशी खरी आहे. आई किंवा सख्खी बहीण यांना गाठी असतील तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. पण घराण्यात गाठी असणे आणि घराण्यात पिशवी काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा उमगले.

त्यानंतरची वर्षे पाळीने खाल्ली. पहिले तीन दिवस दर तासाला पॅड बदलावे लागे आणि लिंबाएवढ्या गुठळ्या पडत. अकरावीच्या तासाला मी गडद रंगाची साडी नेसून जात असे आणि फळ्यावर लिहून झाले की खुर्चीत न बसता टेबलाला टेकून उभी राहत असे. एकदा नकाशा भिंतीवर लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोन मुलींनी मला धरून शिक्षक खोलीत नेले. त्याच रुग्णालयातून मला रक्तस्राव थांबवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या मिळत होत्या, पाळीच्या पाचव्या दिवसापासून एकवीस दिवस. त्यांनी रक्त कमी जाई हे खरे. पण अशा गोळ्या नियमित चालू असताना बीज तयार होण्यात खंड पडू शकतो, म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही मुलाची वाट पाहत होतो त्यातले कितीतरी महिने मुळात वाट पाहण्याचे नव्हतेच, हे मला कोणी सांगितले नाही. आजही मला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायका ऑपरेशनला तयार होत होत्या, आणि "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" असे सांगून त्यांना तयार केलेही जात होते. मी पगारी नोकरीतली बाई, माझी त्यांच्याशी तुलना होऊ शकत नाही. पण ते वाक्य मलाही ऐकवले गेले होते, जवळजवळ त्याच शब्दांत. फायब्रॉईडच्या गाठी या गर्भाशयाच्या स्नायूंच्या साध्या गाठी असतात आणि त्या कर्करोगाच्या निघण्याचे प्रमाण अत्यंत कमी असते, एवढे सांगायला एक मिनिटही लागत नाही. ते एक मिनिट कोणी दिले असते, तर सासूबाईंच्या मनातली भीती वर्षानुवर्षे वाढली नसती.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये माझे हिमोग्लोबिन ७.४ निघाले आणि पुण्यात राहणाऱ्या वन्संनी निर्णय आपल्या हाती घेतला. "वहिनी, तुम्ही आणि दादा दोघंही या. एकट्या येऊ नका," असे त्यांनी निक्षून सांगितले. "दोघंही" या शब्दाचे महत्त्व मला तिथे गेल्यावर कळले.

पुण्यातील डॉक्टरबाईंनी माझे जुने कागद बाजूला ठेवले आणि पहिली वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. पाळी कोणत्या वर्षी सुरू झाली, किती दिवस जाते, दोन पाळ्यांच्या मध्येही रक्त जाते का, संबंधांच्या वेळी दुखते का, क्युरेटिंग किती वेळा झाले, लहानपणी किंवा घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, ओटीपोटात कधी जंतुसंसर्ग झाला होता का. मग त्या यांच्याकडे वळल्या आणि त्यांनी विचारले, "तुमची वीर्यतपासणी कधी झाली?" झालीच नव्हती. तीन वर्षांत ती कोणी सुचवलीही नव्हती. हे ओशाळून खाली बघू लागले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची चूक नाही. बाईच्या पिशवीत गाठ सापडली की सगळे तिथेच थांबतात."

त्यानंतर त्यांनी औषधांच्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूवर एक उलटा पेरू काढला. गर्भाशयाचा आकार तसाच असतो. पेरूच्या मधोमध एक अरुंद त्रिकोणी पोकळी काढली, पोकळीला आतून अस्तर, मग स्नायूंची जाड भिंत आणि बाहेरून पातळ साल. "गाठ या तीनपैकी कुठेही होऊ शकते," त्या म्हणाल्या, "आणि मूल राहण्याच्या दृष्टीने ती किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे आधी पाहायचे." त्यांनी पेनने तीन गोळे काढले. बाहेरच्या अंगाची गाठ नारळाएवढी झाली तरी पोकळीला धक्का लावत नसेल तर गर्भ राहण्याच्या आड बहुधा येत नाही; तिचा त्रास होतो तो पोट जड वाटण्याचा, लघवीला सारखे जावे लागण्याचा. अस्तराखालून पोकळीत डोकावणारी गाठ मात्र दोन सेंटिमीटरची असली तरी घातक ठरते, कारण गर्भ जिथे रुजायचा ती जागाच ती अडवते, वरचे अस्तर पातळ आणि सुजलेले ठेवते, आणि तिच्यामुळे अस्तरातले जे संदेश गर्भ रुजण्यासाठी लागतात ते गाठीपुरतेच नव्हे तर सबंध पोकळीत मंदावतात. अशा गाठींमध्ये दिवस राहण्याचे प्रमाण घटते आणि राहिले तर गर्भपाताचा धोका वाढतो. भिंतीच्या मधोमध असलेल्या गाठीबद्दल जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. तिच्यामुळे गर्भधारणेचे प्रमाण काहीसे कमी होते असे दिसते, पण ती काढल्याने ते पुन्हा वाढते याचा पुरावा भक्कम नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिगोने, २०११ मध्ये गाठींना जागेनुसार शून्य ते आठ असे क्रमांक दिले आहेत. शून्य म्हणजे देठाला लोंबकळत संपूर्ण पोकळीत असलेली गाठ; एक आणि दोन क्रमांकाच्या गाठी अंशतः पोकळीत, अंशतः भिंतीत; तीन आणि चार भिंतीतल्या; पाच, सहा, सात बाहेरच्या अंगाच्या; आणि आठ म्हणजे गर्भाशयाच्या मुखासारख्या इतर ठिकाणच्या. हे ऐकताना मला माझ्याच विषयाचा पहिला धडा आठवला. एखादे गाव किती मोठे आहे हे सांगून त्याचे वर्णन होत नाही, ते कुठे वसले आहे हे आधी सांगावे लागते. माझ्या तीन वर्षांच्या सर्व अहवालांत गाठींची मापे होती, मिलिमीटरपर्यंत होती, आणि जागा एकाही अहवालात लिहिलेली नव्हती.

त्या दिवशी बाईंनी सांगितलेले आणखी एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. मूल न होणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणींमध्ये गाठी सापडतात, पण बाकी काहीच कारण नसून केवळ गाठी हेच कारण आहे, असे दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच आढळते. म्हणजे गाठी असलेल्या पुष्कळ जणींच्या बाबतीत दोष दुसरीकडेही असतो. वयाचे उदाहरण त्यांनी दिले. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना गाठी असल्याचे दिसले. वय वाढते तशा गाठी वाढतात आणि त्याच वेळी बीजांची संख्या व प्रतही उतरत जाते. अडतिसाव्या वर्षी गाठ सापडलेल्या बाईला मूल होत नसेल तर दोष गाठीचा की वयाचा, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि गाठ सोनोग्राफीत दिसते म्हणून दोष तिच्या माथी मारणे सोपे जाते. वजन जास्त असणे, नळ्या बंद असणे, सोबत एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार असणे, गर्भाशयाच्या भिंतीत अस्तर शिरून ती फुगण्याचा आजार असणे (तो सोनोग्राफीत कित्येकदा गाठीसारखाच दिसतो), पूर्वीच्या क्युरेटिंगमुळे किंवा ऑपरेशनमुळे आत चिकटून बसलेले पापुद्रे असणे, थायरॉईड, आणि आपल्याकडे विशेषतः जननमार्गाचा क्षयरोग. हे सगळे पाहून झाल्याखेरीज कोणत्याही गाठीला हात लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले.

त्याआधी रक्त. शिरेतून लोहाचे इंजेक्शन सलाईनमधून दोन वेळा दिले गेले आणि सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन ७.४ वरून १०.९ वर आले. जिने चढताना धाप लागणे हा माझा स्वभावच झाला आहे असे मी धरून चालले होते. ते थांबल्यावर मी किती दिवस आजारी होते ते कळले.

तपासण्यांविषयी थोडक्यात लिहिते. यांचा अहवाल उत्तम निघाला. माझे थायरॉईड ठीक होते. बीजांचा साठा दाखवणारी एएमएचची पातळी १.९ आली, वय तेहेतीस असताना फार चांगली नव्हे, पण काळजीचीही नव्हे. वजन ७१ किलो होते, ते पाच-सहा किलोंनी कमी करायला सांगितले. नळ्यांचा एक्स-रे पाळीच्या आठव्या दिवशी झाला. त्यात गर्भाशयाच्या मुखातून औषध सोडतात आणि त्या क्षणी ओटीपोटात जी कळ येते ती पाळीच्या कळेहून तीव्र असते, हे कोणी आधी सांगितले तर बरे पडते. बाईंनी मला अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी घ्यायला लावली होती. दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या. परंतु पडद्यावर पांढऱ्या त्रिकोणाच्या डाव्या कडेला हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक काळी जागा औषधाने भरलीच नाही.

ती जागा काय आहे हे पाहण्यासाठी गर्भाशयात थोडे सलाईन सोडून सोनोग्राफी केली आणि पुढच्या आठवड्यात एमआरआय. एमआरआयचा अहवाल घेऊन आम्ही बाईंसमोर बसलो तेव्हा त्यांनी जुना पेरूचा कागद मागितला आणि त्यावर माझ्या तीन गाठी काढल्या. पहिली मागच्या बाजूला, सालीच्या बाहेर फुगलेली, ६.८ सेंटिमीटर, क्रमांक सहा. दुसरी पुढच्या भिंतीच्या मधोमध, ३.६ सेंटिमीटर, क्रमांक चार. आणि तिसरी डाव्या कडेला, अर्ध्याहून अधिक पोकळीत आलेली, २.३ सेंटिमीटर, क्रमांक एक. "जिला सगळे घाबरत होते ती ही मोठी," बाई म्हणाल्या, "आणि तुमचे रक्त घालवणारी, बहुधा तो गर्भही टिकू न देणारी, ही लहान. हिचे नाव कोणत्याही कागदावर नाही."

मी रडले, पण ते दुःखाचे रडणे होते असे म्हणता येणार नाही. सासूबाई वन्संच्या घरी वाट पाहत होत्या. त्यांना तोच कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून पेरूवर बोट फिरवले आणि विचारले, "मग मोठी तशीच ठेवायची?" हाच प्रश्न माझ्याही मनात होता. पोट उघडून तिन्ही गाठी एकदाच काढून टाकाव्यात, म्हणजे पुन्हा कटकट नको, असे कोणालाही वाटेल. बाईंनी त्याविरुद्ध सांगितलेली कारणे मला पटली. भिंतीतल्या गाठी काढताना रक्तस्राव होतो, भिंतीवर व्रण राहतो, आतडी आणि नळ्या चिकटण्याची शक्यता असते. म्हणजे मोकळ्या असलेल्या नळ्या आपणच धोक्यात घालायच्या. खोल व्रण असेल तर पुढे बाळंतपणात तो उसवू नये म्हणून सिझेरियनच करावे लागते आणि ऑपरेशननंतर कित्येक महिने गर्भ राहू द्यायचा नसतो. एवढे करून गाठी पुन्हा होणारच नाहीत याची हमी नसते. ज्या गाठी पोकळीला स्पर्श करत नाहीत त्यांच्यासाठी एवढी किंमत त्यांना द्यायची नव्हती. गर्भाशयाची रक्तवाहिनी बंद करून गाठी सुकवण्याच्या उपचाराविषयीही मी विचारले होते; ज्यांना पुढे मूल हवे आहे अशा स्त्रियांना तो सहसा सुचवला जात नाही, कारण बीजांडांचा रक्तपुरवठा आणि पुढचे गरोदरपण या दोहोंवर त्याचा परिणाम होण्याची भीती असते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दुर्बिणीतून माझी एक क्रमांकाची गाठ काढली. पोटावर एकही टाका नव्हता. गर्भाशयाच्या मुखातूनच दुर्बीण आत घालतात, पोकळी सलाईनने फुगवतात आणि विजेवर तापणाऱ्या बारीक तारेच्या फाशाने गाठ थराथराने खरवडतात. आत जाणारे आणि बाहेर येणारे सलाईन यांचा हिशेब एक परिचारिका सतत ठेवते, कारण फार पाणी रक्तात शोषले गेले तर ते धोक्याचे असते. मला पूर्ण भूल दिली होती. जाग आल्यावर यांनी मला प्लॅस्टिकची बरणी दाखवली. आत पांढरटसर, लवचीक तुकडे होते, ओल्या खोबऱ्याच्या पातळ कातळ्यांसारखे. एवढ्याशा ढिगाने माझी तीन वर्षे घेतली होती. त्याच वेळी अस्तराचा नमुना क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवला. तो निर्दोष आला आणि गाठही साधीच असल्याचा अहवाल आठवड्याभरात मिळाला.

पुढच्या पाळीला मी सवयीने सात पॅड पर्समध्ये घेऊन कॉलेजात गेले आणि पाच परत आणले. हे लिहिण्यासारखे आहे का, असा विचार मनात आला होता. पण ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल.

जानेवारीत पुन्हा एकदा, या वेळी बारीक दुर्बिणीतून, नुसते पाहण्यासाठी आत पाहिले. खरवडलेल्या जागी दोन भिंती चिकटत तर नाहीत ना, याची खात्री करायची होती. एक पातळ पापुद्रा सापडला, तो दुर्बिणीच्या टोकानेच सुटला. ही दुसरी तपासणी बाईंनी आग्रहाने करायला लावली, कारण २०१८ मध्ये माझे क्युरेटिंगही झालेले होते आणि पोकळीत पुन्हा पुन्हा काम झालेल्या स्त्रियांमध्ये असे चिकटणे अधिक दिसते. पडद्यावर मला माझ्या गर्भाशयाची पोकळी दिसली, फिकट गुलाबी, आणि दोन्ही वरच्या कोपऱ्यांत नळ्यांची तोंडे, टाचणीने टोचल्यासारखी.

मार्चपासून सहा महिने नैसर्गिक रीतीने वाट पाहायची आणि नाही जमले तर टेस्ट ट्यूबच्या उपचाराकडे वळायचे, असे ठरले. बाईंनी ही मुदत आमच्या वयाकडे आणि एएमएचकडे पाहून घातली होती. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला त्या इतकेही थांबू देत नाहीत. ते सहा महिने सोपे गेले असे मी म्हणणार नाही. दर महिन्याला भिंतीतल्या ३.६ सेंटिमीटरच्या गाठीविषयी शंका येई. ती काढायला हवी होती का? मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर तेच मिळाले : ती पोकळीपासून दूर आहे, चार सेंटिमीटरच्या आत आहे, तिच्यावर नजर ठेवू. ठाम उत्तर नसताना ठाम असल्याचे सोंग न करणारी व्यक्ती समोर असली की शंका सहन करता येते.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात चाचणीवर दुसरी रेघ उमटली, ठरवलेल्या मुदतीतल्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या महिन्यात. मी कोणालाही सांगितले नाही. ठोके दिसेपर्यंत यांनाही बाहेर बोलू दिले नाही.

गरोदरपणात गाठींनी एकदा आपले अस्तित्व दाखवले. डिसेंबरमध्ये, एकोणिसाव्या आठवड्यात, पोटाच्या पाठीमागच्या बाजूला इतक्या जोराची कळ सुरू झाली की मला वाटले पुन्हा तेच होणार. रात्री साडेबारा वाजता रुग्णालय गाठले. बाळ ठीक होते. गर्भारपणात मोठ्या गाठीला रक्तपुरवठा अपुरा पडला की तिच्या आतला भाग मरू लागतो आणि त्यामुळे अशी वेदना, थोडा ताप, ठरावीक जागी हात लावला तरी दुखणे असा त्रास होतो. त्यावर ऑपरेशन करायचे नसते. दोन दिवस सलाईन, पॅरासिटामॉल आणि विश्रांती एवढ्यावर ती कळ ओसरली. गाठ ठेवायची की काढायची हा निर्णय घेतानाच बाईंनी या शक्यतेची कल्पना दिलेली होती. म्हणून त्या रात्री घरातल्या कोणीही "तेव्हाच काढायला हवी होती" असे म्हटले नाही. सासूबाई माझ्या उशाशी बसून राहिल्या आणि त्यांनी परिचारिकेला सांगितले, "ही मागची गाठ आहे, पोकळीतली नव्हे."

बाळ आडवे राहिल्याने मे २०२३ च्या सुरुवातीला, अडतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झाले. मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम. गाठी असलेल्या गर्भाशयाला प्रसूतीनंतर आकसायला वेळ लागतो आणि रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून रक्ताच्या दोन बाटल्या आधीच तयार ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक लागली. सिझेरियनच्या वेळीच मोठी गाठही काढून टाका, असे मी सुचवले होते. बाईंनी नकार दिला, कारण त्या वेळी गर्भाशयाचा रक्तपुरवठा सर्वाधिक असतो आणि गरज नसताना तेथे सुरी लावायची नसते. सहा महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत ती गाठ ५.१ सेंटिमीटरवर आलेली होती आणि भिंतीतली ३ वर. दोन्ही आजही जागच्या जागी आहेत. वर्षातून एकदा त्या मोजून घेतो.

माझी धाकटी बहीण २०२४ मध्ये सत्तावीस वर्षांची झाली. तिचे लग्न ठरत होते आणि आई, मावशी आणि मी असा तिघींचा इतिहास सांगून तिला घाबरवून सोडले जाईल अशी मला भीती होती, म्हणून मीच तिला पाळीच्या सहाव्या दिवशी सोनोग्राफीला घेऊन गेले. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना मी फक्त एवढीच विनंती केली की गाठ सापडलीच तर माप लिहिताना जागाही लिहावी. एक गाठ सापडली. अहवालात लिहिले होते : १.८ सेंटिमीटर, बाहेरच्या अंगाची, पोकळीपासून दूर. खाली सल्ला होता, वर्षाने पुन्हा तपासणी. बहिणीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही दोघी साड्या बघायला गेलो.